कापलेल्या कागदातली माया

चीनच्या त्साय लुनने इ. स. १०५ मध्ये हान सम्राटापुढे कागदाची कृती ठेवली, असे तिथला इतिहास सांगतो. कागद कापून आकृती काढल्याचे सर्वांत जुने नमुने मात्र राजधानीत नव्हे, तर तुर्फानच्या कोरड्या वाळवंटातल्या थडग्यांत मिळाले. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या त्या कातरणांत घोडे आणि माकडे जोडीजोडीने उभी आहेत. दुमडून कापलेल्या कागदातून एकाच्या दोन आकृत्या निघतात. जोडपे हा या कलेचा लाडका विषय होण्याचे निम्मे कारण तेवढेच असावे. चिनी लग्नघरांत खिडक्यांवर तांबडी कातरणे चिकटवतात, तीही बहुधा जोडीची.

समरकंदमार्गे कागद पश्चिमेकडे गेला, तसा आपणही जाऊ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातमध्ये सुलतान हुसेन बायकराच्या गझलांचे अक्षरन् अक्षर कापून दुसऱ्या कागदावर चिकटवले गेले. प्रेमकविता शाईने न लिहिता कात्रीने लिहिण्याचा हा हव्यास दख्खनपर्यंत पोचला. इब्राहिम आदिलशहा दुसरा (१५८०–१६२७) आणि त्याच्या वारसाच्या विजापुरात त्याला निराळेच वळण लागले. तिथले कारागीर चिकट पाण्यावर रंग तरंगवून कागदावर अबरी उठवत. त्याआधी कापलेल्या कागदाने किंवा डिंकाने जागा झाकत, आणि झाकलेल्या जागेतून आकृती उमटे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशा एका चित्रात हाडांचा सापळा उरलेल्या घोड्यावर एक फकीर बसलेला आहे. पाठीचा कणा नि बरगड्या अबरीच्या लाटांतून वर येतात. दरबारी चित्रांतले डौलदार घोडे पुष्कळ पाहिले. पण या मरतुकड्या जनावराला लावला तितका जीव त्यांना कुणी क्वचितच लावला असेल. गंमत अशी, की जो कागद कापला तो चित्रात उरतच नाही. कातरण हे केवळ हत्यार होते.

उत्तरेत व्रजभूमीतही असेच. मथुरा-वृंदावनात पितृपक्षात सांझी मांडतात. कागदातून राधाकृष्ण, गाई, कदंब बारीक कात्रीने कापायचे, तो खाका जमिनीवर किंवा पाण्यावर ठेवून त्यातून रंग गाळायचे, मग खाका उचलायचा. रंग दुसऱ्या दिवशी मोडतात, खाका पुढच्या वर्षासाठी उरतो. आपल्याकडचे रांगोळीचे छापे याच कुळातले. युरोपात मात्र कातरण स्वतःच चित्र झाले. फोटो यायच्या आधी प्रियजनाची काळी बाजूची छबी कापून घरी ठेवण्याची चाल होती. तिला नाव मिळाले ते १७५९ मधल्या सिलुएट नावाच्या चिक्कू अर्थमंत्र्याचे. ही खिल्ली होती. डेन्मार्कचा हान्स अँडरसन तर गोष्ट सांगता सांगता कागद कापी आणि शेवटी घडी उलगडून मुलांना नाचणाऱ्या बाहुल्या दाखवी.

आपल्या देशात कातरणच चित्र होण्याचे हे वळण फार उशिरा आले, आणि तेही दुःखातून. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांची दृष्टी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात गेली. त्यानंतर ते रंगीत कागद बोटांनी चाचपून कापत, चिकटवत. बसलेली बाई, पहुडलेला पुरुष असे साधे जिव्हाळ्याचे आकार त्यातून आले. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या चित्रकार मातिसनेही पॅरिसमध्ये १९४७ साली 'जॅझ' हे कातरणांचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. पण त्याला रंग दिसत होते. सत्यजित राय यांनी विनोदबिहारींवर १९७२ साली लघुपट केला, त्यात हे काम पाहायला मिळते.

महाराष्ट्रात आकृती कापण्याचा मोठा वारसा कागदाचा नाही, चामड्याचा: पिंगुळीच्या ठाकरांच्या सावल्यांच्या बाहुल्या. कागद मात्र मखर, कंदील आणि रुखवतात राहिला, आणि मधली काही दशके थर्मोकोलने त्याला मखरातून हुसकून लावले. मार्च २०१८ च्या प्लास्टिक-थर्मोकोल बंदीने चक्र उलटे फिरले. मूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेणपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात मखर आता पुठ्ठ्याचे नि कागदाचे मिळते, बरेचसे यंत्राने कापलेले. त्यात मोर, कमानी आणि वेलबुट्टी यांचीच चलती, माणसे क्वचित. गौर माहेरी आली आहे, बायका रात्र जागवताहेत, हे ज्या घरात घडते तिथल्या मखरात फुगडी घालणाऱ्या दोघी कुणी कापून लावल्या, तर गिऱ्हाईक नको म्हणेल असे वाटत नाही.