गोसावी
* गोसावी : इथे साधू नव्हे, बाजरीचा रोग. कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचा गुंता फुटतो. तो जटांसारखा दिसतो, म्हणून हे नाव. कृषी खात्याच्या पत्रकांत ‘केवडा’. लेखकाने सगळा दोष पावसाला दिला आहे, तो अर्धाच खरा. ओलीत रोग फोफावतो हे बरोबर, पण १९७१ च्या साथीमागे बियाणेही होते. १९६५ पासून आलेल्या पहिल्या संकरित वाणांची मादी एकच, ‘टिफ्ट २३ ए’. आईतच प्रतिकार नव्हता, लेकरांत कुठून येणार? हा प्रतिकार सहसा एका जनुकावर उभा नसतो. अनेक जनुके थोडाथोडा भार उचलतात, आणि रोगकारक तर प्रदेशागणिक रूप बदलतो. हरियाणाच्या ‘एचएचबी ६७ सुधारित’ (२००५) वाणात गुणसूत्रांवरच्या खुणा ताडून असा प्रतिकार मुद्दाम आणला गेला. छत्रपती संभाजीनगरात पैठण रस्त्यावरच्या कृषी संशोधन केंद्राचा ‘एएचबी १२०० एफई’ हा लोहसमृद्ध वाणही गोसावीला सहसा दाद देत नाही. त्यातला पहिला ‘ए’ औरंगाबादचा. शहराचे नाव बदलले. पिशवीवर वाणाचे तेच आहे. — संपा.