कोशाचे कूळ

देवपूजेस बसताना आपण जे तसरी सोवळे नेसतो त्याचा धागा मुळात कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही पडलो वकील. आम्हांस तो पडला.

तसर, म्हणजे विदर्भातला कोसा, देणारा पतंग तुतीच्या रेशीमकिड्यासारखा घरात वाढत नाही. भंडारा-गडचिरोलीकडे त्याचे सुरवंट ऐन व अर्जुन यांच्या पाल्यावर पोसतात. झारखंडाकडे सालही त्यांस चालतो. ऐन म्हणजे गोमंतकातली माट्टी, त्या राज्याचा राज्यवृक्षच. सुरवंट चार वेळा कात टाकतो आणि काय खायचे ते याच अवस्थेत खाऊन घेतो, कारण पुढे पतंगास खाण्याजोगे तोंडच नसते. पंख, अंडी, सारे त्या पाल्याच्या शिदोरीवर! कोश विणताना तो रेशमाचाच देठ करून फांदीस कडे घालतो. कोश झाडाच्या फळासारखा लोंबतो.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वनात सापडलेले ‘रेशीम व कोश’ प्राणिज वस्तूंत, कातडी, सुळे व शिंगे यांच्या पंक्तीस बसविले. राखीव वनातून ते परवानगीवाचून गोळा करणे हा गुन्हा. मूळ शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाखरे व मुंग्या हाकीत झाडाखाली राखण करणारा ढिवर त्या व्याख्येत कोठेच नाही.

२००६ च्या वनहक्क अधिनियमात मात्र तसर व कोश बांबू-वेतांबरोबर ‘वनस्पतिजन्य’ गौण वनोपजात आले! प्राणिशास्त्राचा विद्यार्थी हसेल. (मसुदा लिहिणाऱ्यास तो देठ फसवून गेला काय?) आम्हांस मात्र ही चूक गोड वाटते, हिच्यायोगे परंपरेने कोश वेचणाऱ्या वननिवाश्यांस त्यांवर मालकी मिळाली.

पण ढिवर महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत. त्यांस १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, वनाश्रित रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्यांच्या घरात सातबाराही नाही त्यांनी कागद आणावा कोठून? नियमांनी वृद्धांची लेखी जबानीही पुरावा म्हणून मान्य केली आहे, हे खरे. परंतु हिशेब १९३० सालापर्यंत मागे जातो, आणि त्या सालचे ऐनाचे रान डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आता गावोगाव शोधावा लागतो.