कुलूप आपलं, किल्ली कुणाकडे?

परवा शनिवारी खोपोलीच्या एका कारखान्यात गेलो होतो. काम सोप्पं: चाळीस कॉम्प्युटर्सवरचा जुना अँटीव्हायरस सर्व्हरवरून एका फटक्यात काढायचा. पण पठ्ठ्याने अनइन्स्टॉल पासवर्ड मागितला, आणि तो ठाऊक असलेला माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला!

हे पासवर्डचं खूळ आलं कुठून? २००२ साली बगबेअर नावाचा वर्म आला. मशीनमध्ये शिरला की तो आधी अँटीव्हायरसच बंद पाडायचा. असे प्रकार वाढले तसं कंपन्यांनी राखणदारालाही कुलूपबंद केलं. आपल्या पुण्याच्या क्विक हीलमध्येही ‘सेल्फ प्रोटेक्शन’ असतंच.

पण राखणदारच बिघडला तर? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स बंद पाडली. मशीन सुरूच होत नाही म्हटल्यावर दुरून हुकूम सोडणार कुणाला? बऱ्याच ठिकाणी माणसांनी एकेका मशीनपाशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाईल उडवली.

आम्हीही तेच केलं. सेफ मोड, कंपनीचं रिमूव्हल टूल, पुढची खुर्ची. संध्याकाळी कर्जतची लोकल पकडण्याआधी नवा पासवर्ड लिफाफ्यात घालून मॅनेजरसाहेबांच्या तिजोरीत ठेवला. तुमच्या हापिसातला कुठे आहे हो?