रुळाकाठची तार आणि ग्रामपंचायतीतली पेटी

दोन वर्षांपूर्वी जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या पाहण्यासाठी अंबड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. कोपऱ्यात भिंतीवर इंटरनेटची लोखंडी पेटी होती, पण तिचा दिवा विझलेला. संगणक चालक स्वतःच्या मोबाइलवर नेट घेऊन दाखले काढत होता. "रस्त्याच्या कामात केबल तुटली, काका," तो सहज म्हणाला. नोंदवह्या बाजूला राहिल्या आणि मी त्या पेटीच्या इतिहासामागे लागलो.

जालन्याला दूरसंदेशाचे अंतर नवे नाही. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे निजामाच्या काळात, 1900च्या सुमारास, इथून धावू लागली. रुळासोबत तारही आली. बदनापूर, जालना, परतूर रुळावर आले; भोकरदन, जाफराबाद, अंबड, मंठा ही तालुक्याची गावे बाजूला राहिली. तार स्टेशनापर्यंत पोहोचे. पुढे माणूस चाले किंवा बैलगाडी. 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हा भूगोल बदलला नाही. 2011च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 19.59 लाख होती आणि दर पाचांतले सुमारे चार जण खेड्यांत राहत होते.

खेड्यांसाठी वेगळा पैसा लावण्याची कल्पना 1999च्या दूरसंचार धोरणातून आली. 1 एप्रिल 2002 पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अमलात आला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचा पाच टक्के भाग त्यात जातो. म्हणजे आपण सर्वांनी भरलेल्या बिलांतूनच तो उभा राहतो. आरंभी त्यातून गावोगावी सार्वजनिक टेलिफोन बसले. 25 ऑक्टोबर 2011 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने याच निधीतून राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. अंदाज सुमारे 20,000 कोटींचा होता आणि लक्ष्य होते अडीच लाख ग्रामपंचायतींचे. अजमेर जिल्ह्यातील अराईं, विशाखापट्टणमजवळील परवाडा आणि त्रिपुरातील पानिसागर येथे आधी प्रयोग झाले. पुढे योजनेला 'भारतनेट' नाव मिळाले. एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा डिसेंबर 2017 मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने 'महानेट'मार्फत काम स्वतःच्या अंगावर घेतले.

आपल्या राज्याकडे त्याआधीचा अनुभवही होता. 1998 मध्ये वारणा खोऱ्यातील सुमारे 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प केंद्र, राज्य आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी मिळून हाती घेतला. तिथे वापरणारी संस्था, म्हणजे साखर कारखाना आणि त्याचे सभासद, आधीपासून उभी होती. भारतनेटमध्ये तार आधी आली आणि ती वापरणारे नंतर शोधायचे होते.

दुसरी अडचण रचनेत होती. सुरुवातीची वाहिनी तालुक्याहून झाडाच्या फांद्यांसारखी निघे. फांदी एका जागी तुटली की पुढची सगळी गावे बंद पडत. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या 1,39,579 कोटींच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच वर्तुळाकार जोडणी आली, कारण त्यात एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश जातो. दहा वर्षांच्या देखभालीचीही त्यात तरतूद आहे. 2023च्या दूरसंचार कायद्याने निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले.

आता हे केवळ सोयीचे प्रश्न नाहीत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाइलवर होते. पीकविम्याचा अर्जही ऑनलाइन भरावा लागतो. मुदत संपत आली असताना जाळे बंद पडले, तर कापूस-सोयाबीनच्या नुकसानीचा दावा नोंदीविनाच राहू शकतो.

टपालाचा इतिहास पाहिला की मला यावर उत्तर दिसते. गावात नुसती टपालपेटी टांगून टपाल चालले नाही. रोज ती उघडणारा, पत्रे घेऊन वाडी-तांड्यापर्यंत पायी जाणारा माणूस सरकारने पगारावर ठेवला, म्हणून ते चालले. पेटीचा खर्च एकदाच होतो. माणसाचा दर महिन्याला. आपण आजवर पेट्यांचा हिशेब मांडत आलो. यापुढे जिल्हा परिषदेच्या सभेत आणि ग्रामसभेत एवढे तरी विचारावे : तार तुटली तर ती जोडायला कोण येणार, आणि किती दिवसांत?