दंडावरचा व्रण

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक लहानसा व्रण असतो. तो बी.सी.जी. लशीचा. फ्रान्सच्या काल्मेत आणि गेरँ यांनी तयार केलेली ही लस १९२१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. पण ती क्षयाला खरोखर अडवते का, हा वाद पुढे कित्येक दशके चालला.

१९५० मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांवर चाचणी सुरू झाली. तिथे लशीने ७५ टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. १९६८ मध्ये आजच्या तामिळनाडूतील चिंगलपेट भागात अडीच लाखांहून अधिक लोकांवर चाचणी सुरू झाली. तिथे मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे हीच लस निष्प्रभ ठरली. मग खरे कोणाचे मानायचे?

१९९४ मध्ये हार्वर्डच्या ग्रॅहम कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी अशा १४ चाचण्या एकत्र मांडल्या. क्षयाचा धोका सरासरी निम्म्याने घटलेला दिसला. मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासूनचे संरक्षण ६४ टक्के भरले. शिवाय विषुववृत्तापासून दूरच्या देशांत लस अधिक गुणकारी होती. म्हणजे ब्रिटनही खरे, चिंगलपेटही खरे! एकेकटी चाचणी जे सांगू शकली नसती, ते सगळ्यांनी मिळून सांगितले.

म्हणूनच आपल्याकडे आजही नवजात बाळाला ही लस टोचतात. ती बाळाची ढाल आहे. मोठ्यांनी मात्र दंडावरच्या व्रणावर विसंबून राहू नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर थुंकी तपासून घ्यावी.