तांड्यावरील लेणी : हिंगोली परिसरातील बंजारा अलंकार व त्यांची नावे

व्यापारानिमित्त देशोदेशी हिंडणाऱ्या समाजांचा इतिहास लिहू जाता साधनांचा प्रश्न प्रथम उभा राहतो. इस्फहानजवळील नव्या जुल्फा येथील होव्हानेस नावाचा आर्मेनियन व्यापारी १६८२ साली हिंदुस्थानच्या व्यापारास निघाला आणि सुरत, आग्रा, पाटणा, नेपाळ असा प्रवास करीत ल्हासापर्यंत पोहोचला. १६९३ पर्यंतच्या व्यवहारांची त्याची खातेवही लिस्बन येथे सुरक्षित आहे. पाचव्या शतकापासून स्वतःची लिपी बाळगणाऱ्या समाजाचे हे भाग्य होय. त्याच सतराव्या शतकात धान्य व मीठ बैलांच्या पाठीवर लादून दख्खन पालथे घालणाऱ्या बंजाऱ्यांच्या मागे अशी वही नाही. त्यांच्याविषयीचे जुने लेखन परक्यांचे आहे. १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेला कॅप्टन जॉन ब्रिग्जचा निबंध त्यांतलाच. तांड्याच्या स्वतःच्या हातचे साधन म्हणजे स्त्रियांच्या अंगावरील लेणी, आणि त्या लेण्यांची नावे.

या दृष्टीने हिंगोलीचा परिसर विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सेनगाव, औंढा, कळमनुरी या भागांत बंजाऱ्यांची दाट वस्ती असून त्यांचे श्रद्धास्थान पोहरादेवी शेजारच्या वाशीम जिल्ह्यात आहे. निजामी अमलात हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती व कापसाची मोठी पेठही. उत्तरेस वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास भिडला, दक्षिणेस मनमाड-हैदराबाद मार्ग १९००-०१ च्या सुमारास पुरा झाला, आणि या दोहोंमधील प्रदेशात बैलाच्या पाठीवरील वाहतुकीला अर्थ उरला नाही. या स्थित्यंतराची नोंद एका शब्दाने ठेवली आहे. ‘तांडा’ म्हणजे पूर्वी चालता काफिला. आज त्याचा अर्थ स्थिर वस्ती. बैल थांबले, शब्द तोच राहिला.

लेण्यांच्या नावांकडे वळावे. ग्रियर्सनने १९०७ च्या आपल्या भाषासर्वेक्षणाच्या खंडात बंजारी बोलीचे नाते राजस्थानी-गुजरातीशी जोडले. त्याची साक्ष अलंकारांच्या नावांत पदोपदी मिळते. मराठीत चुडा, बंजारीत ‘चुडो’. घागरीखाली डोक्यावर घ्यावयाच्या कवड्यांच्या चुंबळीस व तिच्या मागे लोंबणाऱ्या भरतकामाच्या चौकोनास मिळून ‘फुल्या-गणो’ म्हणतात. पुल्लिंगी ओकारान्त नामांची ही राजस्थानी प्रकृती मराठीच्या शेजारात शतकानुशतके राहूनही सुटलेली नाही. गळ्यातील ‘हासली’ तर उत्तर हिंदुस्थानात सर्वत्र परिचित आहे. परंतु मराठी कानाला फसविणारी नावेही आहेत. विवाहित स्त्रीच्या कानशिलावर केसांत गुंफून सोडलेली चांदीची ‘घुगरी’ ऐकून मराठी माणसाला शिजविलेल्या धान्याच्या घुगऱ्या आठवाव्यात, यात नवल नाही. वस्तुतः तिचे नाते घुंगराशी, नादाशी आहे. घुगरीच्या जोडीची ‘टोपली’ ही उलट्या वाटीच्या आकाराची असते व बुरुडाच्या टोपलीशी तिला काही कर्तव्य नाही. घुगरी-टोपली हे सौभाग्याचे चिन्ह. वैधव्य आल्यावर ती उतरते.

येथवरच्या पुराव्यावरून बंजारा लेणे म्हणजे जसाच्या तसा दक्षिणेत आणलेला राजस्थान, असे मत सहज बनते. ते अपुरे आहे. लेण्यातील द्रव्य वाटेवर मिळालेले आहे. कवडी मूळची मालदीवची. बंगाल-ओरिसात ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चलन म्हणून चालली आणि चलनातून उतरल्यावरही तांड्याच्या वस्त्रावर राहिली. रुपयांच्या माळांचेही तसेच. निजामाचा हाली रुपया सात दिले की इंग्रजी सहा मिळत. त्याच्या चांदीचा कस सुमारे ८२ टक्के, तर इंग्रजी रुपयाचा जवळजवळ ९२. इंग्रजी रुपयातील चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आणली गेली व १९४७ मध्ये ती संपूर्णपणे नाहीशी झाली. तेव्हा जुन्या रुपयाची माळ म्हणजे शोभेइतकीच ठेवही होती. तिच्यातील नाण्यांचे छाप वाचले असता कुटुंबाच्या हाती कोणत्या काळात पैसा खेळला, याचा स्थूल अंदाज बांधता येतो. कोणत्याही गॅझेटियरात ही माहिती मिळणार नाही.

कारागिरीची वाटणीही ध्यानात घ्यावयास हवी. फेटिया व कांचळीवरील आरसे, कवड्या आणि टाके ही सर्वस्वी स्त्रियांची कामगिरी. बंजारा समाजाशी संलग्न असलेल्या ढाडी, ढालिया इत्यादी गटांत सोनारांचाही उल्लेख येतो. तथापि स्थिर वस्तीनंतर चांदीकाम मुख्यतः बाजारगावच्या मराठी सोनाराकडे गेले. मागणी बंजारीत, घडाई मराठीत, असा हा व्यवहार होय. यातूनच लेण्यांचा नाशही ओढवतो. भरतकाम जुने झाले तरी पेटीत राहते. चांदी मात्र लग्नाला, औषधपाण्याला, उसतोडीच्या हंगामाआधीच्या नडीला मोडीत जाते, आणि सोनाराच्या तराजूत तिला नाव नसते, केवळ वजन असते.

कागदाचा अभाव या समाजाला आजही भोवतो. एकाच निजामी राज्यातील बंजारे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तीन राज्यांत वाटले गेले. आज ते तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती म्हणून नोंदलेले आहेत. कर्नाटकातील संदूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यामुळे तेथील टाक्यांची तरी दखल घेतली गेली. चांदीच्या वाट्याला ते आले नाही. संग्रहालयांच्या दृष्टीस पडणाऱ्या चिठ्ठ्यांवर ‘आदिवासी स्त्रीचे कर्णभूषण’ अशा धर्तीची नोंद असते. घुगरी कानात घालत नाहीत, ती केसांत गुंफतात; म्हणजे चिठ्ठी वस्तूबाबतही चुकते. हिंगोली परिसरातील एखादे लेणे नोंदवहीत घ्यावयाचे तर बोलीतील नाव उच्चारासह, वजन, नाण्यांचे छाप, घडविणाऱ्याचे गाव आणि ते केव्हा घालावे व केव्हा उतरवावे याविषयी वापरणाऱ्या स्त्रीचे म्हणणे, इतके तरी त्याच दिवशी, त्याच तांड्यावर बसून लिहावे लागेल. फेटिया सोडून साडी नेसणाऱ्या पिढीत घुगरी ओळखणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत.