बाटलीबंद पाणी व्यवसाय : अन्न परवाना

शुद्ध केलेले पिण्याचे पाणी सीलबंद करून विकण्यासाठी भारतात लागणारा परवाना. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या व्याख्येत असे पाणी 'अन्न' ठरते. त्यामुळे प्रकल्पवाल्याबरोबरच साठवणूक आणि घरपोच वाहतूक करणाराही अन्न व्यावसायिक मानला जातो. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. परवान्याचा १४ अंकी क्रमांक लेबलवर छापावा लागतो.

परवान्यासोबत भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्रही (आयएस १४५४३) दीर्घकाळ सक्तीचे होते. ती सक्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये उठली. मात्र पुढच्याच महिन्यात हे पाणी 'उच्च जोखीम' गटात गेले आणि परवान्यापूर्वी तपासणी, दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून परीक्षण, अशा अटी आल्या. म्हणजे कागद कमी झाला, पण देखरेख सैल झाली असे नाही.

खरी अडचण लग्नकार्यात आणि दुकानांत दिसणाऱ्या थंड पाण्याच्या जारची. झाकण फिरवून बसवलेले, सील नाही, बॅच क्रमांक नाही, भरल्याची तारीख नाही. तोच जार रिकामा होऊन परत भरायला जातो. आरओ यंत्रातून पाणी काढले तरी जार आणि तोटी धुतलेली नसेल, तर शुद्धीकरण तिथेच वाया जाते. कायद्याची मानके मुख्यतः सीलबंद पाण्यासाठी असल्याने हे सुटे पाणी कोणाच्या अखत्यारीत, यावर अन्न प्रशासन आणि स्थानिक स्वराज्य संस्था एकमेकांकडे बोट दाखवत आल्या आहेत. अन्न परवान्याखेरीज, बोअरवेलचे पाणी उपसणाऱ्या प्रकल्पांना भूजल उपशाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.